पडक्या खोपटाच्या उत्तरेला

राइमो दोन बादल्या घेऊन दलदलीत उतरला, तेव्हा ऐला एका आडव्या खोडावर बसून थर्मासमधली कॉफी ओतत होती. शेजारी तुइरे होती. तुइरे गावच्या पोलीस चौकीतली, पण आज साध्या कपड्यांत. दोघी पाइनच्या आडोशाला असल्यामुळे त्याला दिसल्या नाहीत.

"आला बघ," ऐला कुजबुजली.

जुलै संपत आला होता आणि हिल्ला पिकल्या होत्या. दलदलीत उगवणारी, मधाच्या रंगाची ही इवलीशी फळं. या मुलखात माणूस सख्ख्या भावाला मूत्रपिंड काढून देईल, पण आपली हिल्लाची जागा सांगणार नाही. बापाने लेकाला सांगायची ती मरताना, आणि तीसुद्धा डॉक्टरांनी आशा सोडली असेल तरच.

मार्चमध्ये ऐलाने राइमोचं घर सोडलं. तेव्हापासून ती जाईल तिथे हा आधी हजर. दुकानात, दंतवैद्याकडे, बहिणीच्या दारात. तिचा फोन नाताळात त्यानेच दिला होता, सगळं आत बसवून, हौसेने. आत पाळत ठेवणारं आणखी काहीतरी बसवलंय, याचा अंदाज तिला आला होता. पण फोन पुसून कोरा केला तर पुरावाही पुसला जाणार, आणि पुराव्याशिवाय कोर्ट त्याला लांब राहायचा हुकूम देणार नव्हतं. राइमो गावभर सांगत होता, बाई साप साप म्हणून भुई धोपटतेय. बहिणीलाही ते पटत चाललं होतं. पुढच्या महिन्यात ऐलाला औलूमध्ये नवी नोकरी होती, नवं घर होतं. त्या घराच्या दारातही हाच उभा असणार, या विचाराने तिची झोप उडाली होती.

म्हणून बुधवारी तिने तुइरेच्या समोर बसून फोनमध्ये चार ओळी लिहिल्या. हिल्ला. कुर्किसुओची दलदल, पडक्या खोपटाच्या उत्तरेला. यंदा बादल्या भरतील. शनिवारी जायचं. लिहिलं आणि ठेवून दिलं, कुणालाही पाठवलं नाही.

"येईल असं वाटतं तुला?" तुइरेने विचारलं होतं.

"बायको गेली तर एक वेळ चालेल त्याला. हिल्ला नाही सोडायचा तो. शुक्रवारीच येईल, मी पोचायच्या आत झाडून न्यायला."

आज शुक्रवार होता. फोन घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर रेडिओ ऐकत पडला होता, ती घरीच आहे असं राइमोला वाटावं म्हणून.

"काय राइमो!" तुइरे आडोशातून बाहेर आली. "सकाळी सकाळी इकडे कुठे?"

राइमो दचकला. मग त्याला ऐला दिसली आणि क्षणभर त्याचा चेहरा पांढरा पडला. पण गडी सावरला. "इकडे कुठे म्हणजे? जागा आमची आहे. माझ्या बापाची. तीस वर्षं येतोय मी इथे."

"तीस वर्षं?"

"तीस! आणि आता ही माझ्या मागावर." त्याला चेव चढला. "घे लिहून, तुइरे. कोण कुणावर पाळत ठेवतं ते कळू दे गावाला."

"लिहिते ना." तुइरेने वही काढली. "नेमकी जागा सांग. पुन्हा वाद नको."

राइमो घुटमळला. जागा सांगायची म्हणजे जिवावरच आलं त्याच्या. पण दोघी आधीच इथे येऊन बसल्या होत्या, आता हक्क सांगितला नाही तर सगळंच हातचं जाणार. "पडक्या खोपटाच्या उत्तरेला," तो म्हणाला. "बाबा त्याच खोपटात बसून मला राय धान्याची भाकरी द्यायचे."

"कुठलं खोपट रे?"

राइमोने वळून पाहिलं. शेवाळ, पाणी, पांढरं कापूसगवत. पार क्षितिजापर्यंत सगळं सपाट.

"होतं इथेच. पडलं असेल."

"कधीच नव्हतं," ऐला म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "हिल्लाही नव्हत्या कधी. विचार कुणालाही. ते खोपट मी बुधवारी बांधलं, माझ्या फोनमध्ये. ही समोर बसली होती."

राइमो एक पाऊल मागे सरला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेला.

"तुझा फोन दे," तुइरेने हात पुढे केला. "आणि दुपारी चौकीवर ये. वकील आणलास तर तुझंच भलं."

दिला त्याने फोन. एक बूट मात्र दलदलीने ठेवून घेतला. एका पायात नुसता मोजा घालून तो गाडीकडे लंगडत गेला, तेव्हा ऐला हसायला लागली. मार्चपासून ती हसली नव्हती. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. सुटल्यासारखं वाटत होतं तिला, अगदी हाडांपर्यंत.

परतीच्या वाटेवर, जंगलातल्या फाट्याशी, तिने गाडी थांबवायला सांगितली. घराची किल्ली तुइरेच्या हातात दिली. "टेबलावरून फोन घेऊन जा."

"आधी आम्ही आतलं सगळं उतरवून घेतो. मग तुझ्या हाताने पूस तो. कुलपाचा आकडाही नवा घाल, आणि मलासुद्धा सांगू नकोस." तुइरेने पाहिलं, ऐला मागच्या सीटवरची बादली उचलत होती. "आणि तू कुठे निघालीस?"

ऐला नुसती हसली.

तुइरेचे कान लाल झाले. "चुकले बाई. विचारलं नाही असं समज."

तिने गाडी वळवली. ऐला कुठल्या वाटेने जाते ते चुकूनही दिसू नये, म्हणून वळण येईपर्यंत तिने आरशात पाहिलं नाही.