पिवळी कड

सलोनीनं सायकल रियाच्या खळ्यात अक्षरशः फेकली. वाळत घातलेल्या भाताला हँडल लागलं, तरी तिला फिकीर नव्हती.

"रिया! भायर ये! माझी झाडां खंय लपयलंस?"

रियाची लीलाकाकी भात वारवत होती. सूप हातात तसंच धरून ती बघत राहिली. रिया दारात आली, अर्धी वेणी घातलेली. सलोनीला बघताच तिनं मान खाली घातली. अगदी चोरासारखी! सलोनीचं डोकं आणखीच सणकलं.

सणकणार नाही तर काय? जूनमध्ये दोघींनी मिळून स्नेक प्लांटचं एक पान आणलं होतं. तलवारीसारखं उभं, गर्द हिरवं, दोन्ही बाजूंनी हळदीसारखी पिवळी कड. त्याचे आठ तुकडे करून आठ कुंड्यांत खोचले. चार सलोनीच्या घरी, चार रियाच्या. मातीतून फिकट कोंबाचं टोक वर आलं, की सुकलेला तुकडा कापून टाकायचा, असं ठरलं होतं. दिवाळीत सलोनीला खारेपाटणला मामाकडे जायचं होतं. नुकती टोकं दिसायला लागलेल्या आपल्या कुंड्या तिनं आठ दिवस रियाकडे ठेवल्या. विश्वासानं ठेवल्या! आणि आता पानं उलगडली, तर चारही रोपं नुसती हिरवी. म्हणजे रियानंच बदलली! तसली तर कट्टा गावात कुणाच्याही कुंपणाला सापडतात. शाळेतलं झाडांचं प्रदर्शन उद्यावर आलेलं. पिवळ्या कडेची चार झाडं आणते, असं सलोनीनं मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

आज रिया शाळेत नव्हती. सलोनीनं फळ्यासमोर उभं राहून अख्ख्या नववी 'ब'ला ऐकवलं होतं, "रिया चोर आसा!"

"मी खंयच लपवूक नाय," रिया पुटपुटली.

"मगे तुझी चार खंय गेली?"

"कुजली. मागेच सांगललंय वर्गात."

"कुजली म्हणे! बघतंय मीच."

सलोनी तिला ढकलून घरात घुसली. खिडक्या बघितल्या, माजघर बघितलं, मागच्या दारानं बाहेर पडली. न्हाणीच्या आडोशाला, उलट्या टोपलीखाली, चार कुंड्या होत्या.

"खोटारडी!" ती किंचाळली. "कुजली काय? ही बघ! ही काय आसत?"

तिनं टोपली लाथेनं उडवली आणि एक कुंडी उचलून उजेडात धरली.

रोप हिरवं होतं. दुसरं हिरवं. तिसरं, चौथं, सगळी हिरवीच. पिवळी रेघ कुठेच नव्हती.

"मगे… पिवळी खंय गेली?" सलोनीचा आवाज अजून चढलेलाच होता, पण आता त्याला कुणावर पडायचं ते कळेना.

लीलाकाकी सूप घेऊनच मागे आली होती. "ह्याच्यासाठी माझा भात तुडवलंस? गो चेडवा, पानाचो तुकडो लावलो तर हिरवीच येतत. पिवळी कड होई तर मुळाकडची पिल्लां काढून लावची लागतत. माका आधी इचारलास काय दोघींनी?"

सलोनीनं कुंडी खाली ठेवली. तिचे कान तापले होते. पण एवढ्यात गप्प बसेल तर ती सलोनी कसली!

"तू तरी सांगूचा होतास!" ती रियावर खेकसली. "तुझी पण हिरवीच इली, तर कुजली म्हणान खोटा कित्याक सांगलंस? लपयलंस कित्याक?"

रियानं पहिल्यांदा वर बघितलं.

"माझी झाडां चतुर्थीत तुझ्याकडे होती. हिरवी इली तेव्हा माका वाटला, तूच बदललंस. वर्गात तुका कोणी चोर म्हणूक नको, म्हणान कुजली असा सांगलंय."