ताईंची किल्ली

"वीस फेरे. एकविसावा दिलास की स्प्रिंग तुटलीच समज," असं म्हणत भाऊंनी किल्ली शेजारच्या शिंपिणीच्या हातात ठेवली.

ताई पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांच्या जाड जाकिटाच्या पाठीत पितळी भोक होतं. शिंपिणीने किल्ली घातली आणि मोजत फिरवली. आत कटकट वाजत राहिलं.

भाऊ घड्याळं दुरुस्त करायचे. ताई त्यांच्या वडिलांनी घडवलेल्या. किल्लीची माणसं तेव्हा बऱ्याच घरांत होती, पण ताईंसारखं कुणी नव्हतं. त्या पोटभर जेवायच्या, त्यांना पडसं व्हायचं, आताशा केसही पिकले होते. "बाबांनी काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही," भाऊ कौतुकाने सांगायचे. त्यांना स्वतःला खाण्यापिण्याचं वेड नव्हतं. मरताना बाबांनी एवढंच बजावलं होतं, तिची किल्ली चुकवू नकोस. चाळीस वर्षांत भाऊंनी एक सकाळ चुकवली नव्हती.

आता त्यांना एकच घोर होता. आपल्यामागे हिला किल्ली कोण देणार? यंत्र असली तरी बहीणच ती.

शिंपिणीला यातलं काही पटत नव्हतं. भाऊंना धाड भरली नव्हती, हातसुद्धा कापत नव्हता. फक्त पाठ धरायची, म्हणून ताई रोज संध्याकाळी दार लावून तेल चोळून द्यायच्या. खरं तर थकल्या होत्या त्या ताईच. तरी जाकीट त्या स्वतःच शिवायच्या, शिंपिणीला हात लावू द्यायच्या नाहीत.

ती निघाली तेव्हा ताई दारापर्यंत आल्या.

"नीट शिकलीस ना गं? एखाद्या सकाळी दुकान उघडलं नाही, तर लगेच ये. एवढं माझ्यासाठी कर."

तिसऱ्या आठवड्यात दुकान उघडलं नाही. शिंपीण दार ढकलून आत गेली.

ताई खाटेवर थंडगार पडल्या होत्या. शेजारी स्टुलावर भाऊ, मान खाली, किल्ली मुठीत. डोळे उघडेच होते. तिने हाक मारली, हलवून पाहिलं. दोघंही एकदम गेली म्हणून तिला रडू कोसळलं.

मग तिला दिलेला शब्द आठवला. निदान ताई तरी उठतील. किल्ली भाऊंच्या मुठीतून सुटेना, तेव्हा भोकात दुसरं काही बसतं का ते बघावं म्हणून तिने ताईंचं जाकीट सोडलं. कापसात शिवलेली पत्र्याची डबी हातात आली. डबीत एक दातेरी चाक आणि एक पट्टी, बाकी काही नाही. खाली म्हातारीची साधी पाठ होती, मणके वर आलेली.

शिंपीण स्टुलाकडे वळली. मग तिने भाऊंचा सदरा मागून वर केला. तेलाचा वास आला, आणि पाठीत पितळी भोक दिसलं. तिने एकेक बोट उलगडून किल्ली सोडवली आणि हळू आवाजात मोजायला सुरुवात केली.

विसाव्या फेऱ्याला भाऊंनी मान वर केली.

"ताईला किल्ली दिलीस?" त्यांनी विचारलं.