सरावाची मुलाखत

"आधी सांग, खरं बोलायचं का खोटं?" पारूबाईनं विचारलं.

पंचशीला हसली. "खरं, आत्या. सरावाची मुलाखत असली तरी खरंच."

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तो उन्हाळा. पंचशीला रेणापूरहून रोज एसटीनं तिथल्या कम्युनिटी कॉलेजात जायची, मानसिक आणि सामाजिक आरोग्य सेवेचा कोर्स करायला. दोन लेकरांच्या आईनं पुन्हा वही हाती घेतली, तेव्हा घरात पहिल्यांदा सासू पारूबाईच बोलली होती, "जा, शीक. भाकरी मी थापते." आता प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली होती. घरातलं कुणीतरी समोर बसवा, विचारा आणि मधे बोलू नका, असं मॅडमनी सांगितलं होतं.

"झोप लागते का?"

"टँकरचा नेम न्हाई. कान रस्त्याकडं ठिवून कशाची झोप?"

"भूक?"

"माझ्याच हातचं खायाचं, मीच वाढून घ्यायाचं. त्यात काय गोडी?"

पंचशीला लिहीत गेली. पारूबाई सुपातली तूर निवडत, गालात हसत उत्तरं देत गेली.

"आपण घरच्यांना ओझं झालोत, असं वाटतं का?"

पारूबाईचा हात थांबला. "तिथं हाव लिव्ह."

थट्टाच असेल म्हणून पंचशीलानं मान वर केली. सासू तिच्याकडं बघतच नव्हती.

"पाणी मोजकं. माझा भुजंग उन्हात राबतोय, लेकरं शाळंला जात्यात, तुला लांब जायाचं. मी घरातच बसून. दिसाला एक तांब्या पुरतंय मला. रातच्याला पोटऱ्यात गोळे येत्यात, येऊंद्या."

'असं काय बोलता, आत्या!' पंचशीलाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. पुढचं मात्र विचारायलाच हवं होतं.

"जीव द्यावा, असं मनात येतं का?"

"खुळी का काय! हिरीत पाणी तरी हाय का?" पारूबाई हसली. मग तिनं सूप बाजूला सारलं. "तसं न्हाई गं. जगायचंच हाय. फकस्त कुणाला लई लागू नये, असं वाटतंय."

"कधीपासून?"

"तू कॉलेजला जायला लागल्यापून. दुपारचं बोलायला बी कुणी न्हाई."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू कॉलेज सोडलं असतंस."

कागदावरची अक्षरं पंचशीलाला दिसेनाशी झाली.

पारूबाई जरा पुढं वाकली. "रडलं की मार्क कापतेत का गं?"

"कापतात."

"मग पूस डोळे."

पंचशीला उठली. माठातून तांब्या भरून आणला आणि सासूच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली. "उद्या माझ्यासंगं लातूरला यायचं. दवाखान्यात पाय दाखवू, मॅडमशी बी बोलू."

"अन् भाकरी?"

"तुमचा लेक थापील."

भुजंगच्या हातची भाकरी डोळ्यांपुढं आली तशी पारूबाई खुदकन हसली. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि मधे न थांबता रिकामा केला. पदरानं ओठ पुसले. मग खाली पडलेला पेन उचलून सुनेच्या हातात दिला.

"लिव्ह त्या कागदावर," ती म्हणाली. "सून म्होरं बसली तर म्हातारी पिती."