खिडकीची खोली

दुसऱ्या लॉजमधून बाहेर पडून दोघं पुन्हा रस्त्यावर आली. टेलर मास्तरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बायको पुढे चालत होती. टेकडीवरचा मनोरा समोरच उभा होता, पण तिनं अजून एकदाही मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. मनोरा फार जुना, कुठल्या राजानं बांधला तेही आता कुणाला ठाऊक नाही. लोक लांबलांबून तो बघायला यायचे. ही दोघं त्यासाठी आली नव्हती.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा इथं आला होता, एकटाच. एक रात्र राहिला, दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये बसला आणि ती बस घाटात कोसळली. पुढचं सगळं दोघांनी निस्तरलं होतं. ओळख पटवली, सामान ताब्यात घेतलं, येईल त्याला तेच तेच सांगितलं. राहता राहिली ती एक रात्र. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता. खोली चांगली आहे, खिडकीतून अख्खा मनोरा दिसतो, एवढंच म्हणाला. लॉज कुठलं ते त्यानं सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. विचारायचं कशाला, दुसऱ्या दिवशी तर तो घरी येणार होता.

तेव्हापासून बायकोनं एकच धोशा लावला होता. तो शेवटचा जिथं झोपला, तिथं एक रात्र झोपायचंय. मास्तरांनी आधी टाळलं, मग समजावलं, मग शिवणाचं काम तुंबलंय म्हणून सांगून पाहिलं. काम तुंबलं होतं हे खरं, पण त्याचं कारण वेगळं. गिऱ्हाईक समोर हात पसरून उभं असायचं आणि मास्तर टेप धरून मघाशी मोजलेलं माप आठवत राहायचे. शेवटी एका सकाळी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि बायकोला म्हणाले, चल.

पहिल्या लॉजमधल्या माणसाला काही आठवत नव्हतं. रोज इतके येतात-जातात, कोण लक्षात राहणार, असं तो सरळ म्हणाला. दुसऱ्यानं मुलाचा फोटो हातातही घेतला नाही. खोली हवीय की नकोय, तेवढं विचारलं. दोन्हीकडच्या पाट्यांवर 'खिडकीतून मनोरा' असं रंगवलेलं होतं. त्या रस्त्यावर प्रत्येक पाटीवर तेच होतं.

तिसऱ्या लॉजची मालकीण दारातच शेंगा सोलत बसली होती. तिनं हात पुसले, उठून फोटो घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरून पाहिला. फोटोत नुसता चेहरा होता, चारचौघांसारखा.

"हा होय," ती म्हणाली. "आठवतोय की. भारी बोलका पोरगा. जेवायला बसलेल्या सगळ्यांना हसवलं त्यानं. एवढासा जीव, पण आवाज केवढा."

'एवढासा' म्हणताना तिनं हात मास्तरांच्या खांद्याशी नेला. मास्तरांच्या डोळ्यांनी आपसूक माप घेतलं. मुलाचे सगळे कपडे त्यांनीच शिवले होते. दाराच्या चौकटीला डोकं लागायचं, म्हणून त्याला घरातसुद्धा वाकून चालायची सवय झाली होती. आणि बोलण्याचं म्हणाल, तर त्याच्या तोंडून शब्द काढायला पक्कड आणावी लागायची. मास्तर काही बोलणार, तोच बायको पुढे झाली.

"हाच तो," ती म्हणाली. "त्याची खोली मोकळी आहे का?"

खोली जिन्याच्या टोकाला होती. दोन कॉट, एक खुर्ची, एका उशीचा अभ्रा कडेला उसवलेला. मास्तरांनी खिडकी उघडली. समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आड येत होती आणि तिच्या वर मनोऱ्याचं टोक तेवढं दिसत होतं. ते बराच वेळ तिथं उभे राहिले. इथं आल्यावर काहीतरी होईल असं त्यांना वाटलं होतं, निदान रडू तरी येईल. तसं काही झालं नाही. चपलेचा अंगठा चालून चालून काचत होता, तेवढं जाणवलं.

"अगं, हिला दुसराच कुणीतरी आठवतोय," ते म्हणाले. "पुढे अजून लॉज आहेत. हवं तर विचारून बघू."

"कळतंय मला," ती म्हणाली.

तिनं तोंड धुतलं, टॉवेलनं पुसलं, केस सारखे केले आणि जिना उतरायला लागली. मास्तर मागोमाग गेले.

मालकिणीच्या शेंगा अजून संपल्या नव्हत्या. बायकोनं तिच्या शेजारी बसून न विचारता मूठभर शेंगा मांडीवर घेतल्या. दोघी सोलू लागल्या. उन्हं उतरली होती. मनोरा बघून लोक गटागटानं परतत होते, कुणी कुणाला फोटो दाखवत होतं.

"त्या रात्री नीट जेवला का हो तो?" बायकोनं विचारलं.

"न जेवायला काय झालं," मालकीण म्हणाली. "दोनदा मागून घेतलं. वर ताटसुद्धा आपलं आपण उचलून आत आणून दिलं."

बायकोनं हातातली शेंग फोडली, दाणे भांड्यात टाकले आणि पुढची घेतली.

"आणि मग?" ती म्हणाली.

मास्तरांनी भिंतीकडची खुर्ची ओढली आणि तेही ऐकायला बसले.