हळदीच्या पानाचा वास

मापाच्या पेल्यातलं पाणी बरोबर रेघेवर टेकलं, तेव्हाच अप्पांनी ते पदार्थ वाफवायच्या विजेच्या डब्याच्या तळाशी ओतलं. वर हळदीच्या पानातले पातोळे ठेवून बटण दाबलं.

एकदा ते गॅस बंद करायला विसरले, तेव्हापासून मी वडिलांना 'पुण्याला चला' म्हणत होते. ते गाव सोडेनात. पाणी आटलं की आपोआप बंद होणाऱ्या या डब्यावर त्यांचं एकट्याचं भागतं का, त्यावर आज निर्णय होता.

वास सुटला. मला राहवेना. मी झाकणाला हात घातला, तोच मनगटावर चापट बसली.

"अगं, आधी प्लग काढ! आणि तोंड लांब ठेव. वाफ काही तुझी पीएचडी बघत नाही."

पातोळा लुसलुशीत झाला होता. मी दुसरा उचलला.

"निकाल काय, परीक्षक बाई?"

"तुम्ही इथंच राहा, अप्पा."