पोहण्याच्या तलावातले दिवे

“तलावातल्या दिव्यांचा ब्रेकर पुन्हा पडला. आज मी हातही लावला नाही!” बंगल्याचा मालक तणतणत घरात गेला. वायरमनबाईंनी काल ट्रान्सफॉर्मर, दिवे तपासले होते, सगळं ठणठणीत. आता त्यांनी ब्रेकरचा खटका निरखला. या जातीच्या ब्रेकरमध्ये बिघाडानं पडलेला खटका मध्येच अडकतो. हा पार खाली होता, कुणीतरी हातानं पाडलेला. ओली पावलं कपडे बदलायच्या खोलीकडे गेलेली. दार किलकिलं झालं. टॉवेलात गुंडाळलेली मालकाची आई कुजबुजली, “सांगू नकोस गं. या वयात पोहायला शिकतेय, सगळे हसतील.” “म्हणून अंधारात, एकट्या? कमाल करता काकू!” आतून मालक ओरडला, “फॉल्ट सापडला?” “अवघड आहे. रोज तासभर बसावं लागेल. इकडे कुणी फिरकू नका!” बाईंनी दिवे लावले, तलावाकडे पाठ करून खुर्ची ओढली. “उतरा काकू. मी बघत नाही. पाण्याचा आवाज थांबला, तरच वळेन.”