शिव्या बंद करायची सोय

"मुंबयचा डबा घरात घेतलात तवाच मी बोलले हुते," सगुणा चुलीतलं लाकूड मागं ओढत पुटपुटली. कुणाला उद्देशून नाही. पण शेजारी बसून चहा गाळणाऱ्या सुनेला ऐकू जाईल इतपत.

सखूनं गाळणं झटकलं.

बाहेर, घरासमोरच्या खळ्यात गावदेवीची पालखी टेकली होती. शिमग्यात देवी स्वतः घरी येते, वर्षातून एकदाच. मघाशी ओटीचं ताट घेऊन सखू उंबऱ्याबाहेर पडली, ढोल थांबला, आणि त्या शांततेत चार वर्षांची सानवी पडवीतून खणखणीत ओरडली. एकच शब्द. शिमग्यात शिव्या चालतात, पण त्या होळीभोवती, बाप्यांच्या तोंडी. देवीसमोर, पोरीच्या तोंडी नाही. मानकऱ्यांनी माना खाली घातल्या. महिपतनं पुढं होऊन लेकीच्या कानफटात दिली. ओटी भरायची राहिली ती राहिलीच.

आता सानवी आईच्या साडीला धरून उभी होती. गालावर बापाची बोटं उठली होती. आपलं काय चुकलं ते तिला कळलं नव्हतं, आणि सांगायला कुणी तयार नव्हतं.

माजघरात टीव्हीसमोर त्या डब्यावर खटला चालला होता. महिपतचा धाकटा भाऊ ओमकार शिमग्याला मुंबईहून आला तो गेमचा डबा घेऊनच. आल्यापासून टीव्हीत शिपाई एकमेकांना गोळ्या घालत होते, आणि गोळ्यांपेक्षा शिव्या जास्त.

"ह्याच्यातनं उचलली तिनं," महिपत म्हणाला. "नायतर कुठनं शिकणार?"

दारातून डोकावणाऱ्या शेजाऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. महिपतचा आवाज त्यांच्या परसापर्यंत रोज पोचत होता.

"दादा, ते इंग्रजीत बोलतात," ओमकार म्हणाला.

"मंग?"

ओमकारनं वहिनीकडं पाहिलं. मग हातातल्या वायरीकडं. "काही नाही. ह्यात शिव्या बंद करायची सोय असते. ज्याला नको असतील त्यानं बंद करायच्या."

"आणि ती शहाण्यानं आधी नाय केलीन."

काशीराम, पालखीचे मानकरी, चष्मा पुसत आत आले. "दाखव बघू. देवीला सांगाचा हाय, तर आपल्या डोळ्यानं बघून सांगलेला बरा."

ओमकारनं बटणं दाबली. पडद्यावरच्या शिपायाला गोळी लागली. त्यानं तोंड वासलं, ओठ हलले, आवाज आला नाही. दुसरी गोळी. पुन्हा नुसतं तोंड.

"सुधारला," काशीराम म्हणाले.

"करणाऱ्यानं इचार केलान हो," दारातून सगुणा म्हणाली. "घरात बायापोरं असतात."

सखू चहाचे पेले घेऊन तशीच उभी राहिली. कुठल्या मुलखात कोण बसलं होतं, त्याला सुचलं होतं की ज्याला ऐकायचं नाही त्याला ऐकावं लागू नये. न पाहिलेल्या माणसांच्या कानांची काळजी. त्यासाठी वेगळं बटण.

"ए—" महिपत तिच्याकडं वळला आणि थांबला. काशीराम शेजारीच होते. त्याचं तोंड उघडं राहिलं, ओठ हलले. बायकोला हाक मारायला दुसरा शब्द हुडकायला त्याला जरा वेळच लागला. "...सानवीची आय. मानकऱ्यांना चाय दे."

ओमकार खाली बघत वायर गुंडाळू लागला.

चहा झाला. सगळे खळ्यात पालखीसमोर उभे राहिले. काशीरामांनी नारळ हातात घेतला.

"पोरीला पुढं आणा. गाऱ्हाणा घालतो, मंग नाक घासू दे तिला देवीपुढं. त्याबिगर ओटी घेता येयाची नाय."

महिपतनं सानवीचा दंड धरला. ती साडी सोडेना. निऱ्या सुटायला आल्या, तशी त्यानं एक एक बोट उलगडून तिला सोडवली. तेव्हाही ती रडली नाही. आईकडं बघत राहिली.

"हे देवी महाराजा..." काशीरामांचा आवाज चढला.

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या महिपतच्या घरात परमुलखातला डबा आला..."

"व्हय महाराजा." महिपतचा आवाज सगळ्यांच्या वर.

"त्यातली घाण लेकराच्या तोंडी लागली..."

"व्हय महाराजा."

"आता त्या डब्याचा तोंड बंद केला हाय. पोरीनं तुज्यासमोर शिवी दिलीन, तो अपराध पोटात घाल..."

"नाय महाराजा."

गाऱ्हाण्याला असा जबाब गावात कुणी ऐकला नव्हता. ढोलवाल्याची काठी वरच राहिली. जबाब पुरुष देतात. हा बाईचा होता. सखूनं पुढं होऊन महिपतच्या हातातून सानवीला उचललं, कडेवर घेतलं, आणि नवऱ्याकडं न बघता थेट पालखीतल्या मुखवट्यासमोर उभी राहिली.

"पोरीनं शिवी नाय दिलीन," ती म्हणाली. "तिनं मला हाक मारलीन. बाप मला रोज त्याच शब्दानं हाक मारतो. तिला वाटतंय, आयचा नावच तो."